लाल खुणेचं पुडकं

बाबांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या टेबलावरचा पेनांचा पेला मी हलवलेला नाही. त्यात लाल पेनं जास्त आहेत. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी या मास्तरांची लाल पेनं आणायची सवय गेली नव्हती.

नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहत होतो. मी एका ग्रंथालयात नोकरी करत होते. शेवटच्या आजारात बाबांना डायपर लावावा लागे. हे कुणाला कळू नये, एवढंच त्यांनी माझ्याकडे मागितलं. एरवी ते चहासुद्धा मागत नसत.

पण घरातला कचरा बोलतो. आमच्या इमारतीत प्रत्येक दाराशी दोन बादल्या असत, ओल्याची आणि सुक्याची. कचरा नेणाऱ्या मावशी सकाळी त्या रिकाम्या करत आणि खाली पार्किंगमध्ये सुका कचरा हातांनी निवडत. पुठ्ठा, बाटल्या, प्लॅस्टिक वेगवेगळं करत. सॅनिटरी पॅड आणि डायपर मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल खूण करून, बादलीशेजारी ठेवायचे असा नियम होता. खूण दिसली की मावशी ते पुडकं न उघडता बाजूला टाकत.

आमच्या घरात लहान मूल नव्हतं. माझी पाळी जाऊन काही वर्षं झाली होती आणि शेजारणींना ते माहीत होतं. त्यामुळे आमच्या दाराशी लाल खुणेचं पुडकं दिसलं असतं, तर जिना चढणाऱ्या कुणालाही सगळं समजलं असतं. म्हणून मी खूण केलेली पुडकी पर्समध्ये घालून नेत असे आणि कामावर जाताना कोपऱ्यावरच्या कचरागाडीत टाकत असे.

मग पुडकी कमी होऊ लागली. बाबा म्हणायचे, "आज लागलाच नाही." त्यांना बरं वाटतंय असं समजून मी मनातल्या मनात आनंदले होते.

एका रविवारी खालून मावशींचा आवाज आला. मी उतरले. पार्किंगमध्ये सगळ्या इमारतीचा सुका कचरा पसरला होता आणि मधोमध वर्तमानपत्राची तीन पुडकी होती.

"खूण न्हाई, काय न्हाई. कागद समजून मी हात घालते यात. आजपासनं या बिल्डिंगचा सुका मी उचलनार न्हाई."

तळमजल्यावरचे सेक्रेटरी छत्रीची काठी घेऊन उभे होते. "थांबा. आधी कुणाचं आहे ते बघू."

"तान्ह्या बाळाचं असेल," तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या.

"अहो, बाळ आहे कुणाकडे? बाळ होण्याचं वय तरी राहिलंय का कुणाचं इथं?" मागून कुणीतरी म्हणालं.

दोघंतिघं हसले. मला हसता आलं नाही. पुडक्याचे कोपरे आत मुडपलेले होते, पुस्तकाला कव्हर घालताना मुडपतात तसे. लहानपणी माझ्या सगळ्या पुस्तकांना बाबांनीच कव्हरं घातली होती. पलंगाशेजारच्या रद्दीत त्यांनी ही पुडकी दडवली असणार आणि मीच ती न बघता सुक्याच्या बादलीत टाकली असणार. आतल्या पानावर त्यांनी सोडवलेलं शब्दकोडं असणार, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात, हेही मला ठाऊक होतं. ते अक्षर इमारतीत कोण ओळखत नव्हतं? आजारी पडेपर्यंत सोसायटीच्या सगळ्या सूचना तेच फळ्यावर लिहीत.

बोलले असते तर त्यांचं गुपित माझ्या तोंडून फुटलं असतं. गप्प बसावं तर काठीचं टोक घडीत शिरत होतं. काठीने एक कोपरा उचकटला.

"काठी बाजूला घ्या."

सगळ्यांनी वर पाहिलं. बाबा गॅलरीत कठडा धरून उभे होते. कितीतरी दिवसांत ते पलंगापासून इतके लांब आले नव्हते.

"ते माझं आहे. वापरलेला डायपर आहे. उघडून बघायची हौस असेल तर बघा, पण पुन्हा तशीच घडी घालून द्यावी लागेल."

सेक्रेटरींनी काठी मागे घेतली. "अहो सर, आम्हाला काय कल्पना..."

"कल्पना नव्हती म्हणून काठी आणलीत. शिक्षणाचा उपयोग झाला म्हणायचा."

कुणी हसलं नाही. मावशी तेवढ्या वर बघून म्हणाल्या, "आजोबा, मग खूण करत जावा की. तुमचं हाय का आनखी कुनाचं, मला काय करायचंय? हात घालायच्या आधी कळलं म्हंजे झालं."

"चुकलं माझं, मावशी," ते म्हणाले. सेक्रेटरींशी बोलतानाचा आवाज तो नव्हता.

मी धावत वर गेले. ते अजून कठडा धरूनच होते. हात सोडवून मी त्यांना आत आणलं. पलंगावर टेकल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "लाल पेन दे."

त्यानंतर रोज पुडकं तेच बांधत आणि त्यावर लाल गोल काढत, उत्तरपत्रिकेवर गुणांभोवती काढावा तसा नेटका. मग मला म्हणत, "दाराबाहेर ठेव. पर्समध्ये नको." जिन्यावरून जाणारे सुरुवातीला नजर चुकवत. पुढे चुकवेनासे झाले.

ते एका दुपारी गेले. त्या सकाळचा डायपर मोरीत तसाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी जिन्यात मावशींची चाहूल लागली तेव्हा मला त्याची आठवण झाली. मी तो कागदात गुंडाळला, कोपरे मुडपले, पेल्यातलं पेन घेतलं. गोल वाकडा आला. त्यावरून पुन्हा एकदा गिरवला आणि पुडकं बादलीशेजारी ठेवलं.