पांढरे धोंडे

येळवशीला अक्का आली नाही, असं ते तिसरं वर्ष. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या; त्या दिवशी आमच्याकडे हुलसूर-भालकीच्या बाजूला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगडांना चुना फासून पांडव म्हणून पुजायचे, मग आंबील आणि ओल्या दाण्यांची, पालेभाज्यांची भज्जी पोट फुटेस्तोवर खायची. आमचे पाच दगड आजोबांनी मेंढरं विकून शेत धरलं तेव्हापासूनचे. येळवशीला न येणं म्हणजे अप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, लेखी शेताला पाठ दाखवणंच.

अक्का, माझी थोरली बहीण, आणि दाजी हैदराबादला बांधकामावर गेले ते चार महिन्यांसाठी म्हणून. त्याला नऊ वर्षं झाली. माझा तिच्यावर राग होता, खोटं कशाला बोलू? शेत, म्हशी, म्हातारे आईबाप माझ्या गळ्यात घालून ती मोकळी झाली, असंच मला वाटायचं.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी पाचही दगड फडक्यात बांधले.

"ती येत न्हाई ना? मंग पांडवच जात्याल तिला आणायला. आता कायमची आणायची."

मी आंबिलीची बरणी घेतली आणि भालकीहून आम्ही बस धरली.

अप्पा कित्येक वर्षांनी त्या वाटेला लागले होते. पूर्वी पटणचेरू मागे पडलं की शहर लागायचं. आता त्याच्या कितीतरी अलीकडे, संगारेड्डी यायच्या आधीच आभाळात क्रेन दिसायला लागल्या.

"आलं का हैदराबाद?" अप्पांनी विचारलं.

"अजून न्हाई."

तासाभराने पुन्हा तेच. शेवटी वैतागून म्हणाले, "आरं, मंग ह्ये सगळं काय हाय?"

अक्का एका अर्धवट इमारतीच्या गच्चीवर होती. काम बंद होतं, पण नव्या स्लॅबला पाणी मारायला सुट्टी नसते. वाळला तर तडकतो. लहानपणी हीच अक्का हरभऱ्याला पाणी द्यायची. तिने पाईप खाली ठेवला, अप्पांच्या पाया पडली आणि आम्हाला कठड्यापाशी नेलं.

नजर जाईल तिथवर घरांवर घरं, त्यापलीकडे आणखी क्रेन. एवढं मोठं काही माणसाच्या हातून होतं, हे मला त्या दिवसापर्यंत खरंच कळलं नव्हतं.

"ह्ये कोन बांदलं गं?" अप्पांनी हळूच विचारलं.

"आमीच की. त्यो निळ्या काचाचा टावर दिसायलाय ना, त्यो आमी. त्याच्या म्हागचा बी. एक झालं की आमचं शेड उचलायचं आन् फुडं जायाचं."

"आन् एवढी मानसं कुठून यायलीत?"

"मी फोन करून दोन जावांना बोलावलं. त्येंनी त्येंच्या भावांना बोलावलं. हितं ऱ्हायला आलेल्यांना धुनंभांडीवाली पायजे, वाचमन पायजे, च्या पायजे. मंग त्या मानसांना बी घर पायजेच की."

शहर वाढवतात ती मोठी माणसं, अशी माझी समजूत होती. माझ्या बहिणीचा फोन ते वाढवतोय, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. माझा राग कुठे गेला कोण जाणे, मी आ वासून तिच्याकडेच बघत होतो.

तेवढ्यात अप्पांनी खाली बोट दाखवलं. इमारतीमागच्या मोकळ्या माळावर चुना लावलेले पांढरे धोंडे रांगेने उभे होते, पार लांबपर्यंत.

"अगं, हितं किती लोकांची येळवस झाली!"

आम्ही काही बोलायच्या आत ते जिन्याला लागले. माळावर चपला काढून त्यांनी पहिल्या धोंड्याला हात जोडले, मग दुसऱ्याला. मला हसू आवरेना. अक्का मात्र रडवेली झाली होती.

"अप्पा, पांडव न्हाईत ते. प्लॉटाचे धोंडे हाईत. हितंबी घरं व्हायलीत."

अप्पांचे हात तसेच राहिले. अक्का पुढे झाली. "ह्ये चार हाईत ना, ह्येंच्या मदलं आमी घेतलाव. पोरीची शाळा हितं हाय, अप्पा."

"मंग तू येत न्हाईस."

"न्हाई."

आता अप्पा भडकणार, असं मला वाटलं. ते खाली बसले आणि बोटाने ते चार धोंडे मोजू लागले. शेतातल्या एका वाफ्याएवढी ती जागा.

"चारच हाईत," ते म्हणाले. "पांडव पाच असत्यात."

फडकं सोडून त्यांनी आमच्या शेतातला एक दगड काढला, मधोमध ठेवला आणि माझ्या हातातली बरणी घेऊन पाचांवर आंबील शिंपडली. अक्काला आणायला गेलेले आम्ही हात हलवत परतलो.

पुढच्या येळवशीला कोपीत चारच दगड होते. मी बांधावरचा एक गोटा उचलून त्याला चुना लावायला घेतला.

"ठिव तितंच," अप्पा म्हणाले. "पाचवा माझ्या पोरीपाशी हाय."

मी गोटा बांधावर ठेवून आलो. अप्पांनी पाचव्याच्या रिकाम्या जागेवरही आंबील शिंपडली.