लाडाचे ठोकळे

आमच्या गॅलरीसमोर एक इमारत उभी राहते आहे. तिच्या पायथ्याशी पाण्याच्या टाकीत काँक्रीटचे काही चौकोनी ठोकळे बुडवून ठेवलेत. साइटवरचा सुपरवायझर रोज सकाळी टाकीत डोकावतो आणि पाणी कमी झालं असेल तर पाइप लावून भरतो. घरी आलेल्या जावयाचीही कुणी इतकी बडदास्त ठेवत नसेल. वर परवाच ओतलेला स्लॅब मात्र उन्हात कोरडा तापतोय. त्याच्या भेगा मला इथून दिसतात.

काल न राहवून खाली उतरलो आणि विचारलं.

"काका, हे ठोकळे स्लॅबचा नमुना म्हणून लॅबमध्ये टेस्टिंगला जायचेत," तो म्हणाला. "यांचा माल वेगळा कालवलाय, सिमेंट सढळ हातानं घातलंय. नापास होऊन कसं चालेल?"

"आणि स्लॅब?"

"स्लॅबला कोण लॅबमध्ये नेतंय?" असं म्हणून तो हसला.

त्या हसण्यात लाज नव्हती, कामाचा अभिमान होता. म्हणजे या लोकांना चांगलं काँक्रीट करता येत नाही, असं मुळीच नाही. उत्तम येतं. फक्त ते टाकीत मावेल एवढंच करायचं, असा यांचा धर्म. ठोकळे बघून माना डोलावणाऱ्या साहेबांचाही तोच.

आज ठोकळे ओल्या गोणपाटात गुंडाळून टेम्पोत चढले. लॅबमध्ये ते मशीनखाली दाबून फोडतील, पास करतील आणि तुकडे फेकून देतील. इमारतीचं चांगलं तेवढं काँक्रीट असं कचऱ्यात जाईल. उरलेल्याला हुक ठोकून कुणीतरी हौसेनं बाळाचा पाळणा टांगेल.