आतल्या खोलीचा दरवाजा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — हे सोडून. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेची बाग होती, आणि बागेत लहानसं प्राणिसंग्रहालय. मी तिथला बाबू. तिकिटं, हजेरी, पत्रव्यवहार — सगळं माझ्याकडे. थोडी हरणं, मोर, माकडं, आणि एक अस्वल. लोक यायचे ते अस्वलासाठीच. कापसाचा भाव पडलेली ती वर्षं. बाजारात दुकानदार माश्या मारत बसायचे. तरी आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतली माणसं लेकरांना घेऊन बागेत यायची. दुसरं पाहण्यासारखं होतं तरी काय आमच्याकडे?

अस्वलाची देखभाल सोमा टेकाम करायचा. झरी जामणीकडचा कोलाम आदिवासी. अस्वल मादी होतं, तो तिला म्हातारी म्हणायचा. पिल्लू असताना ती विहिरीत पडलेली सापडली होती, तेव्हापासून पिंजऱ्यात — चौदा वर्षं. पुढे उघडं सिमेंटचं अंगण, मागे अंधारी खोली, मधे सरकता लोखंडी दरवाजा. तो बाहेरून साखळीने ओढायचा आणि खिटी लावायची. सकाळी खोली धुताना सोमा तो बंद करायचा, मग उघडायचा. उन्हाळ्यात आत ओली बारदानं टाकायचा. दुपारभर म्हातारी त्यांवर पडून राहायची, आणि बाहेर लोक कुरकुरायचे — तिकीट काढून भिंत पाहायची का?

त्या वर्षांत बाहेरचे पाहुणे फार यायचे. मोठ्या गाड्यांतून. ज्या घरातला माणूस कर्जापायी जीव देऊन गेला त्या घरी जायचे, त्याच्या बायकोशेजारी उभे राहून फोटो काढायचे. मे महिन्यात असाच एक ताफा येणार होता, आणि परतताना त्यांना आमची बाग दाखवायचं ठरलं. नगरपालिकेच्या साहेबांनी मला बोलावलं. "अस्वल दिसलं पाहिजे. नाही तर बाग ठेवायची कायले?" बाग बंद करायची बोलणी चालूच होती.

त्या दिवशी सोमाने पुतणीच्या लग्नासाठी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली होती. मीच मंजूर केली. बाराला तो गेला. आणि मग —

इथवर मी मनात किती वेळा आलो आहे. दर वेळी इथून वळतो.

साडेबाराला मी पिंजऱ्यामागे गेलो. म्हातारी अंगणातल्या हौदावर पाणी पीत होती. मी साखळी ओढली. दरवाजा बंद झाला. खिटी लावली. पाहुणे एकला येणार होते.

दोन वाजले तरी आले नाहीत. ती दरवाजा खरवडत होती, ते माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं. तेव्हा विसरलो असं म्हणायची मला सोय नाही. मी उठून गेलोसुद्धा. हौदाचा तळ दिसत होता. ती दरवाजाच्या फटीत नखं घालून ओढत होती, मला पाहून थांबली. बाजूला सरकून उभी राहिली — सोमा दरवाजा उघडायला आला की राहायची तशी. मी साखळीला हात लावला. मनात आलं, आत गेली आणि तेवढ्यात गाड्या आल्या तर? मी हात काढला. परत येऊन पंख्याखाली बसलो.

पाहुणे चारला आले. ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात झुलत चालत होती, तोंडाला फेस. एक बाई म्हणाल्या, "नाचतंय बघा." सगळे हसले. मीही हसलो. दहा मिनिटांत गाड्या गेल्या, आणि ती आडवी झाली. मग बादल्या, पाणी, डॉक्टर. दिवस मावळायच्या आत ती गेली. दरवाजा तसाच बंद होता.

डॉक्टरांनी विचारलं, हा कोणी लावला? माझ्या तोंडून निघालं — "दरवाजा सोमाच्या ताब्यात असतो." वाक्य खरंच होतं, नाही का? तेच मी लेखी दिलं. साहेबांना तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी सोमा लग्नाच्याच कपड्यांत आला.

"बाबू, खोली धुतल्यावर मी दरवाजा उघडलाच होता न? तुमी पाह्यलं असन."

"मी नाही पाह्यलं," मी म्हणालो.

 मग तो म्हणाला, "घाई होती मले लग्नाची. राह्यला असन माह्याच हातून."

त्याने माझ्यावर संशय घेतला असता तर मी भांडलो असतो. त्याने तो स्वतःवर घेतला. त्याला कामावरून काढलं. वर्षभरात बागही बंद झाली — झालीच. मी कर विभागात गेलो, पुढे बढतीही मिळाली.

निवृत्त झाल्यावर मी एकदा झरीकडे गेलो. सांगायचंच, असं ठरवून. बसमध्ये वाक्य घोकत होतो. सोमाने लगेच ओळखलं, खाटेवर बसवलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. इकडचं तिकडचं झालं. मग आपणहून म्हणाला, "बाबू, मले अजून समजत नाही. उघडल्यासारखं आठवते. मंग बंद कसा सापडला?"

तो माझ्याकडे पाहत होता. दोन शब्दांचं काम होतं.

"जुनं झालं ते, सोमाभाऊ," मी म्हणालो. "कायले आठवून राह्यले?"

चहा प्यालो. चांगला झाला आहे म्हणालो. दुपारच्या बसने परत आलो.

सोमा मागच्या पावसाळ्यात वारला. मरेपर्यंत तो समजत होता, की म्हातारी त्याच्या घाईने मेली. मी त्याला तसं समजू दिलं.