पेटीआईची उत्तरपूजा

केराबाईच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून ती जन्मली तशी आईनं तिला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीनं तिला केरातून उचललं आणि पसाभर जोंधळ्यांवर आईला परत विकलं. केरात सापडलेल्या पोरीवर यमाची नजर जात नाही, अशी तिच्या माहेरची, मैंदर्गीकडची समजूत. यम फसला, पोर जगली, नाव केराबाई पडलं. आता ज्या बाईला उकिरड्यानं जगवलं तिनंच पुढं उकिरड्याशी दावा मांडावा, याला काय म्हणायचं? पण दुनियेत सगळं असंच उफराटं चालतं.

लग्न होऊन ती सोलापुरात आली. नवरा गिरणीत बॉयलरला कोळसा घालायचा, तो खोकून खोकून गेला. मागं राहिल्या दहा शेळ्या, एक खोली आणि भिमा नावाची मुलगी. गल्ली वेशीबाहेरची, अर्धी धनगरांची आणि अर्धी हातमागावर लुगडी विणणाऱ्या तेलुगू पद्मसाळ्यांची. गल्लीच्या तोंडाला पाण्याचा आड आणि आडापासून सहा हातांवर उकिरडा. चुलीतली राख, शेळ्यांच्या लेंड्या, मागाखालचं तुटकं सूत, शिळंपाकं, लहानग्यांची घाण, सगळं तिथं. पाऊस पडला की उकिरडा आडाकडं झिरपायचा आणि सकाळी बायका त्याच आडाचं पाणी भरायच्या.

एकोणीसशे तीसच्या पावसाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. नऊ वर्षांची भिमा सकाळी कळशी भरून घेऊन आली आणि दिवेलागणीला नव्हती. सरकारी डॉक्टर आला, त्यानं आडात औषध टाकलं आणि जाताना उकिरड्याकडं बोट करून म्हणाला, "हा इथं आहे तोवर मला पुन्हा पुन्हा यावं लागणार." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी केर तिथंच नेऊन टाकला. केराबाईचं डोकं फिरलं ते तेव्हापासून.

नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाड्या तेव्हा पेठांतून फिरायच्या, वेशीबाहेर येत नव्हत्या. दर सोमवारी शेळ्या शेजारच्या रत्नम्माच्या भरवशावर सोडून केराबाई कचेरीत जाऊन बसायची. आरोग्यखात्याचे कारकून शरच्चंद्र चष्म्याआडून वर न बघता म्हणायचे, "बाई, गाड्या चार, बैल आठ. तुमच्या गल्लीला कुठून देऊ?"

"बैल न्हाईत तर म्या वडते की, रावसाहेब! निस्ती गाडी द्या."

असे दोन वर्षांचे सोमवार. शरच्चंद्र विटले. वॉर्डाचे मेंबर वीरभद्रप्पा तिला बघून रस्ता बदलू लागले. शेवटी या बाईला टाळण्यापेक्षा गाडी देणं सोपं, असं दोघांचं एकमत झालं. ठरलं ते असं: गल्लीत एक लोखंडी पेटी ठेवायची, गल्लीनं केर पेटीत टाकायचा आणि धोंडीरामनं रोज सकाळी बैलगाडी आणून तो गावाबाहेर खताच्या डेपोत न्यायचा. तिथं त्याचं खत होऊन मळेवाल्यांना मिळणार. महिनाभर प्रयोग. गाडी भरून जात असेल तर ती कायम, वर उकिरडाही उचलून देऊ. रिकामी जात असेल तर पेटी दुसऱ्या गल्लीला.

इथवर सगळं सुरळीत झालं होतं. मग वीरभद्रप्पांनी नारळ आणला.

वीरभद्रप्पा आडतदुकानदार. नवा तराजू घेतला तरी नारळ फोडणारा माणूस. शुक्रवारी सकाळी त्यांनी पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, दोन शब्द म्हणून दहा शब्द बोलले आणि टांग्यात बसून निघून गेले. नवी वस्तू, शुक्रवार आणि मोठ्या माणसाच्या हातची पूजा! गल्लीतल्या बायका एकेक करून पुढं आल्या आणि पेटीला हळदकुंकू वाहून पाया पडल्या.

दुसऱ्या दिवशी केराबाई केराची पाटी घेऊन आली, तर रत्नम्मानं तिचा हातच धरला. "अक्का, वद्दु, वद्दु! नको! पूजा झाली. आता त्यात केर घालायचा? पाप लागतंय!"

"अगं, कचऱ्याची पेटी हाय ती!"

"होती, अक्का. आता न्हाय."

झालं! चार दिवसांत पेटीला दोरा बांधला गेला. आठ दिवसांत तिचं नाव पेटीआई पडलं. कुणाची म्हैस आटली, कुणाचा माग अडला, की लावा पेटीआईला उदबत्ती. केराबाईच्या शेळ्यांनी एकदा झेंडूची माळ खाल्ली, तर देवीच्या अंगावरचं खाल्लं म्हणून गल्ली तिच्याच अंगावर आली. आणि केर? केर बिनबोभाट उकिरड्यावर! धोंडीराम रोज घंटा वाजवत यायचा, पेटीत डोकावायचा आणि म्हणायचा, "मावशे, म्या डेपोत काय वारा भरून न्यू?"

केराबाईनं समजावून पाहिलं, शिव्या घालून पाहिलं, हात जोडून पाहिलं. दिवस मात्र भराभर चालले होते. विसाव्या दिवशी ती वीरभद्रप्पांच्या दुकानी गेली. "अप्पा, तुमी पूजा केलीसा, तुमीच सांगा लोकान्ला, ही पेटी देव न्हवं म्हनून."

वीरभद्रप्पांना हे सगळं ऐकून आतून बरंच वाटलं. "श्रद्धेचा प्रश्न आहे, बाई," ते म्हणाले. "त्यात आपण पडू नये. पाहिजे तर वर पत्र्याचं छप्पर घालून देतो की."

"छप्पर?" केराबाईनं कपाळावर हात मारला. "मग देऊळच बांदा! आन् कळसाच्या जागी खराटा लावा!"

तिथून ती तरातरा कचेरीत गेली. त्या दिवशी शरच्चंद्रांनी चष्मा काढून तिच्याकडं नीट पाहिलं. चार ओळींचा अहवाल त्यांनाच लिहायचा होता, आणि "पेटीचे दैवत झाल्याने गाडी रिकामी" असं त्यात लिहायची त्यांना लाज वाटत होती. वैतागून ते म्हणाले, "अहो, गणपतीचं काय करतो आपण? उत्तरपूजा! अक्षता टाकायच्या, मूर्ती जरा हलवायची, देवपण गेलं. मग उरते ती माती."

"मग उटा," केराबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"तुमी बामन हायसा. उटा, चला."

हो-ना करता करता सव्विसाव्या दिवशी सकाळी कोट-टोपी घातलेले आरोग्यखात्याचे कारकून कचऱ्याच्या पेटीसमोर मांडी घालून बसले. आयुष्यात आपण कुठं चुकलो, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मंत्र म्हटले, अक्षता टाकल्या, पेटी दोन्ही हातांनी हलवली. 'पुनरागमनाय च' एवढं मात्र त्यांनी मुद्दाम गिळलं. पुन्हा यायचं आमंत्रण या देवीला कोण देणार? मग कुणाशी न बोलता ते लगबगीनं कचेरीकडं निघून गेले.

केराबाईच्या जिवात जीव आला. पहिली पाटी आपलीच पडली पाहिजे म्हणून ती केर भरायला घरात वळली. पाटी भरते न भरते तोच बाहेर हलगी कडाडली.

तिनं धावत येऊन पाहिलं, तर चार बाप्यांनी पेटी बांबूंवर घालून खांद्यावर घेतली होती. गुलाल उधळत होता. "पेटीआईच्या नावानं चांगभलं!" उत्तरपूजा झाली म्हणजे विसर्जन आलंच की! देवीला तळ्यावर पोचवायला अख्खी गल्ली निघाली होती. उत्तरपूजेवरच थांबायचं, हे लोकांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि अर्धवट विधी करणारी माणसं ती नव्हती.

नशीब एवढंच की गल्ली अरुंद होती आणि समोरून धोंडीरामची गाडी आत शिरली होती. गाडीला मागं सरता येईना, पेटीला पुढं जाता येईना. देवीची वाट अडवतोस म्हणून सगळे धोंडीरामवर ओरडू लागले. केराबाई गर्दी फोडून पुढं आली, गाडीच्या चाकावर पाय देऊन वर चढली आणि काखेतली पाटी तिनं खांद्यावरच्या पेटीत उपडी केली. राखेचा लोट उठला. गुलालानं माखलेली चारही तोंडं करडी झाली.

हलगी थांबली. एक म्हातारा कापऱ्या आवाजात म्हणाला, "केरे, काय केलंस? पटकी ईल गल्लीवर!"

"पटकी?" केराबाईचा आवाज फाटला. "पटकी यिऊन गेली की माज्या घरात! तवा कुटं हुती तुमची पेटीआई? भिमीला पानी आनाय आडावर म्या धाडली. आन् त्याच आडाशेजारी केराची पाटी म्याच वतत हुते. रोज. ह्याच हातानं. कुनी देवी कोपली न्हाय. माज्या लेकीला म्या मारली! आता टाका ही पेटी तळ्यात, आन् जावा घरी त्येच आडाचं पानी प्यायला!"

चौघांनी पेटी खाली ठेवली. मघापासून तोंडाला पदर लावून उभी असलेली रत्नम्मा घरात गेली आणि मागाखालच्या सुताची, केराची पाटी भरून घेऊन आली. तिनं पेटीला आधी नमस्कार केला आणि मग पाटी ओतली.

"आता नमस्कार कशाला घालतीस, बये?" केराबाई खेकसली, पण तिला अडवलं नाही. गल्लीतल्या बायका पुढंही असंच करत राहिल्या: आधी नमस्कार, मग केर. केराबाई रोज खेकसायची आणि धोंडीरामची गाडी रोज भरून जायची.

महिन्यातल्या उरलेल्या दिवसांच्या भरल्या खेपांवर गाडी कायम झाली. उकिरडा खरवडून न्यायला बारा खेपा लागल्या. मग आड उपसला, आतला गाळ काढला आणि नवं पाणी लागलं तेव्हा रत्नम्मानं पहिली कळशी काढून केराबाईच्या ओंजळीवर धरली.

केराबाई पाणी प्यायली. "गोड हाय," ती म्हणाली. मग एकाएकी तिनं ओली ओंजळ झटकली आणि ओरडली, "मग ह्ये तवाच कराय आपल्याला काय धाड भरली हुती गं, रत्ने?"

रत्नम्मानं कळशी पुन्हा आडात सोडली. पटकीच्या त्याच आठवड्यात तिचाही धाकटा मुलगा गेला होता.