साडूंचा उपवास

आमच्या साडूंइतका गव्हाचा बारकाईने विचार खुद्द गव्हानेही कधी केला नसेल. निगडीला प्राधिकरणात राहणारा आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात जन्म काढलेला हा गृहस्थ. खोक्यातला एक बोल्ट केसभर वाकडा निघाला तरी अख्खा लॉट परत पाठवायचा, हा त्यांचा धर्म. काही वर्षांपूर्वी त्यांचं पोट सारखं बिघडायला लागलं, वजन उतरलं, शर्ट खुंटीला टांगल्यासारखे अंगावर लोंबू लागले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, सीलिअ‍ॅक आहे. गव्हातलं ग्लूटेन तुमच्या आतड्याला सोसत नाही, गहू कायमचा बंद. दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. साडूंना उलट हुरूप आला. आयुष्यभर नुसते बोल्ट नाकारले होते, आता अख्खं धान्य नाकारायला मिळालं.

डबीतल्या हिंगात मैदा मिसळलेला असतो हे मला त्यांच्याकडूनच कळलं, तेही त्यांच्या स्वयंपाकघरात हौसेने वरणाला फोडणी देऊन मी कौतुकाची वाट बघत उभा असताना. "वास फर्मास आहे," ते म्हणाले, "आता तुम्हीच खा." पातेलंभर वरण मी एकट्याने संपवलं. गिरणीत तर त्यांची तऱ्हाच वेगळी. गव्हाच्या दळणावर ज्वारी टाकली की जात्यात राहिलेला गहू ज्वारीत उतरतो. म्हणून हे डबा मांडीवर घेऊन बाकावर बसतात आणि ज्वारीवालं कुणी येऊन दळून जाईपर्यंत हलत नाहीत. एखाद्या बाईच्या पिशवीतून ज्वारी डोकावली की यांचा चेहरा खुलतो. "आधी तुमचं होऊ द्या ताई, मला मुळीच घाई नाही!" गिरणीवाला म्हणतो, "काका, माझ्यापेक्षा तुमचीच ड्यूटी जास्त होते इथं." एकदा मी प्रेमाने त्यांच्यासाठी महागडी ग्लूटेन-फ्री बिस्किटं नेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पुडा वाचला. "ग्लूटेन नाही, पण साखर बघा, मैद्याची बहीण! साडूभाऊ, चोर गेला आणि दरोडेखोर आला. त्यापेक्षा नाचणीची भाकरी, डाळ, पालेभाजी खा माणसासारखी." भाकरी खाऊन ते टुणटुणीत झाले. ती बिस्किटंही मीच संपवली.

खरी पंचाईत झाली त्यांच्या लेकीचं लग्न ठरताना. मुलगा तिनेच पसंत केलेला, आळंदी रस्त्यावरच्या एका जुन्या शेतकरी घरातला. शेतात आता इमारती उभ्या राहिल्या, पण घरातलं बोलणं आणि पाहुणचार गावाकडचाच. शेवटची बोलणी करायला त्यांनी आम्हा चौघांना रविवारी जेवायला बोलावलं. साडू घाबरले. पानावरची पोळी बाजूला सारावी तर यजमानांचा अपमान, आणि कारण सांगावं तर लगेच प्रश्न येणार, दुखणं घराण्यातलं आहे का? पोरीला आहे का? "माझ्या पोटापायी तिचं जमलेलं मोडायचं," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. अशा वेळी मला सुचतं, हीच माझ्या नातेवाइकांची शोकांतिका आहे. "उपवास सांगा हो! उपवासाला कुणी कारण विचारत नाही," असं म्हणून त्यांच्या होकाराची वाट न बघता मी मुलाकडे फोन लावून कळवूनही टाकलं.

तिथे पानं मांडली. तांबडालाल मटणाचा रस्सा, चुलीवरच्या बाजरीच्या भाकऱ्या, इंद्रायणीचा वाफाळता भात. अख्ख्या पानात गव्हाचा कण नव्हता! साडूंच्या पुढ्यात मात्र दोन केळी आणि दाण्याचा लाडू. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हातातलं नळीचं हाड निसटलं.

"पाव्हणं, आयतवारी कसला उपास धरता?" मुलाच्या आईने विचारलं.

साडूंना खोटं बोलता येत नाही, म्हणून मी बोललो. "सूर्याचा!"

"मंग दिस बुडाल्यावर तर जेवाल? आमी थांबतो की. जेवल्याबिगर न्हाई सोडणार."

साडूंनी केळं खाली ठेवलं. "उपवास नाही, ताई. मला गहू सोसत नाही, आजार आहे, आणि तो जन्मभराचा आहे. रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. पोरीची तपासणी केलीय, आज तिला नाही. पण पुढे कधीच होणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही."

सगळ्यांचे हात ताटात थांबले. माझ्या मेहुणीने पदर तोंडाशी धरला.

"एवढंच व्हय?" ताई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना शुगर हाय, ती आमी कुठं सांगितली तुमाला?" त्यांच्या यजमानांनी हातातला पेढा हळूच ताटलीत परत ठेवला. "आन् पोरगी नांदायला येणार, गहू खायाला न्हाई. घ्या भाकरी."

साडूंनी भाकरी घेतली आणि वाटी पुढे करता करता थांबले. "रश्शाला पीठ लावलंय का हो?"

"पीठ लावायला आमी काय हाटेल काढलंय? कांदा-खोबरं हाय!"

त्या दिवशी साडू किती जेवले हे मी सांगणार नाही. नवीन सोयरीक आहे.

लग्न होऊन वर्ष झालं. माहेरी गव्हाला बंदी, त्यामुळे लेक पोळ्या शिकली ती सासरी. परवा आम्ही तिच्याकडे गेलो होतो. साडूंना वेगळ्या तव्यावरची भाकरी, वेगळं ताट, सगळं चोख. माझ्या पानात तिने टम्म फुगलेली पोळी टाकली आणि ती आत वळली. साडू जरा माझ्याकडे सरकले. "कशी झालीय?" त्यांनी हळूच विचारलं.

काहीतरी चावट बोलणार होतो, पण त्यांच्याकडे पाहिलं आणि घास नीट चावला. "मऊ आहे. पदर छान सुटलेत. किंचित गोडसर लागते."

"आईवर गेली," ते म्हणाले. मग बराच वेळ माझ्या पानाकडे पाहत राहिले. "अजून एक घ्या, साडूभाऊ. पण सावकाश खा."