पाकळी पडेपर्यंत

मी भूल देणारी डॉक्टर. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थिनी व्हायची हौस मला आली आणि मी मुंबईला जाऊन सोनोग्राफी शिकून आले. भूल देण्याआधी खाटेपाशीच पोटावर प्रोब ठेवायचा आणि जठर रिकामं आहे का, ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं. शिकताना सगळं लख्ख दिसे. रत्नागिरीत परतले आणि पडद्यावर नुसतं करडं धुकं! इतक्या वर्षांत सुई धरताना माझा हात कधी चुकला नाही, पण या नव्या नजरेवर भरवसा बसेना. रोज सकाळी देवीला हात जोडून म्हणायचे, "हात दिलेस, तसे डोळेही दे गं बाई." देवी काही बोलत नव्हती. मीही मागणं सोडत नव्हते.

त्या सकाळी पित्ताशयातले खडे काढायला गुहागरकडचा एक चाकरमानी आला होता, मुंबईहून रजा काढून. रात्रीपासून तोंडात काही घातलेलं नाही, असं त्याने देवीची शपथ घेऊन सांगितलं. आता त्याला आत घ्यायचं, तेवढ्यात त्याची आई दारात आडवी उभी राहिली. पहाटे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालून ती माणसं निघाली होती. देवीला कौल लावला होता, पण मूर्तीवर चिकटवलेली होकाराची उजवी पाकळी काही पडली नव्हती, म्हणून धाकट्या मुलाला तिथेच बसवून आली होती. म्हणाली, "पाकळी पडली की त्याचा फोन येल. तवर माज्या पोराला सुई नको, बाय."

सर्जनांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी म्हटलं, थांबू या जरा. कौलाशी वाद घालून कोकणात कोणी जिंकल्याचं मला तरी ठाऊक नाही.

उपाशी रोग्याचं पोट तपासायची खरं तर गरज नव्हती. पण आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, हात रिकामा असला की प्रोब घ्या, नजर सरावानेच बसते. म्हणून निव्वळ सरावासाठी मी तो त्याच्या पोटावर टेकवला. जठर चपटं दिसायला हवं होतं. ते फुगलेलं होतं आणि आत काहीतरी भरड भरलेलं होतं. मी त्याला उजव्या कुशीवर वळवलं, पुन्हा पाहिलं. धुकं नव्हतंच. असं स्वच्छ मी शिकतानाही पाहिलं नव्हतं. भुलीत हे वर येऊन फुफ्फुसात उतरलं असतं, तर माणूस हातचा गेला असता.

एवढ्यात बाहेर फोन वाजला. "उजवी पाकळी पडली! घ्या आता," म्हणत आई आनंदाने पुढे आली, आणि मला नाही म्हणावं लागलं. मी विचारलं, "आजी, देवळात याने काय खाल्लं?"

"खातोय कशाला? परसाद घेतलान फक्त. नारळाची अर्दी वाटी नि गूळ." मग माझा चेहरा बघून ती चाचरली. "परसाद काय खाणं झालं, बाय?"

माझ्या घरीही प्रसादाला कोणी खाणं म्हणत नाही. तिचा हात धरून मी सगळं समजावलं आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी ठेवली. देवीनेच दिलेलं खोबरं, आणि देवीनेच लावलेला उशीर. या दोन्हींचा हिशेब मांडायला मी बसले नाही. मागितलेले डोळे मिळाले होते, एवढं मला पुरेसं होतं. घरी येऊन देवीसमोर मनसोक्त रडले.

आता उपाशी असो, नसो, प्रत्येकाच्या पोटावर मी प्रोब ठेवते, आणि प्रसाद घेतलात का, हेही विचारते. हात माझे, पुढचं तिच्यावर सोपवते. त्यामुळे भीती उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या चाकरमान्याचं जठर रिकामं होतं. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. मी बाहेर आले तर आई पदराची गाठ घट्ट मुठीत धरून बसली होती. गाठीत प्रसाद होता.

"त्याला कदी देऊ ता तू सांग," ती म्हणाली. "आज देवीनं तुला विचारायला सांगितलान."