पळीभर शिल्लक

कारखान्यात त्याला सगळे कॅलिपर म्हणायचे, जाडी मोजायच्या साधनावरून. एकतीस वर्षं लेथ यंत्रावर उभा राहिलेला माणूस. केसाच्या जाडीचा फरक त्याच्या बोटांना आधी कळायचा, मापाच्या साधनाला नंतर. त्याचा विभाग बंद झाला तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. शेवटच्या दिवशी फोरमन म्हणाला, "भंगारातलं काहीतरी घेऊन जा रे, आठवण म्हणून." कुणी तुटकी किल्ली नेली, कुणी गंजका बोल्ट. कॅलिपरने अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा उचलला, यंत्र शेवटचं चालू केलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्यातून एक मापटं उतरवलं. भिंती सगळीकडून सारख्या, काठ बोटाला न बोचणारा. आतून इतकं गुळगुळीत की तोंड दिसावं. त्यात तोंड बघायचं मात्र त्याने टाळलं. मापटं डब्याच्या पिशवीत टाकलं आणि फाटकाबाहेर पडला.

घरात चार माणसं. बायको इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर वाफेत उभं राहून चादरी उकळायच्या, पिळायच्या, घड्या घालायच्या. लेक तेरा वर्षांची, दर महिन्याला फ्रॉक आखूड होणारी. आणि सासूबाई, बायकोची आई, सहा वर्षांपासून इथेच.

काम सुटल्यावर दुसऱ्याच रविवारी मेहुणा आला. वह्या-पेनांचं दुकान असलेला, खुर्चीच्या काठावर बसून गोड बोलणारा माणूस.

"दाजी, राग मानू नका," तो म्हणाला. "एका पगारात चार तोंडं म्हणजे ओढाताण. आईला माझ्याकडे नेतो. तुमचं बस्तान बसेपर्यंत."

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. मुलाच्या घरी त्या एकदा दोन महिने राहून आल्या होत्या, आणि त्या दोन महिन्यांत त्यांच्याशी कुणी धड दहा वाक्यं बोललं नव्हतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मेहुण्यालाही.

"आई कुठे जायच्या नाहीत," कॅलिपर म्हणाला. "ह्याच पगारात चार ताटं वाढली जातील. हिची नोकरी चालू राहील, घर मी बघतो."

"तुम्ही? स्वयंपाक?"

"का? लोखंड कापणाऱ्याला कांदा कापता येत नाही?"

लेक खुदकन हसली. मेहुणा उठला, चपला शोधता शोधता म्हणाला, "ठीक आहे. तीन महिन्यांनी येतो. पण आई सुकलेली दिसली तर मी कुणाचं ऐकणार नाही. ताईचंसुद्धा."

त्या दिवसापासून कॅलिपरने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सासूबाईंना त्याने खुर्चीवरून उठूच दिलं नाही. "तुमच्या गुडघ्यांना त्रास नको. तुम्ही फक्त जेवायचं." भांडी उंचीनुसार लागली. सुऱ्यांना कधी नव्हती ती धार आली. बटाटा तो असा सोलायचा की साल एकाच लांब वेटोळ्यात खाली यावी, लेथवरून उतरणाऱ्या लोखंडाच्या किसासारखी. आणि बटाटा हातात उरायचा तो अगदी गोल. बाजारातून भाजी आणायची ती सरळ, सारख्या आकाराची, डाग नसलेली. वाकडं गाजर त्याला बघवत नसे.

पण त्याची खरी करामत मापट्याची होती. पहिल्या दिवशी त्याने ते काठोकाठ भरून तांदूळ घेतले. थोडा भात उरला. दुसऱ्या दिवशी माप बोटभर खाली आणलं. थोडा कमी उरला. असं करत करत एका संध्याकाळी भांडं स्वच्छ रिकामं झालं. ना शीत, ना थेंब. त्याने टोकदार सुईने मापट्याच्या आत एक रेघ ओढली. डाळीचं तसंच, रश्श्याचं तसंच. उरणं म्हणजे चूक, असं त्याचं शास्त्र. कारखान्यात उरलेला माल भंगारात जातो.

पुढच्या महिन्यात गॅस महाग झाला. त्याने रेघ आणखी खाली आणली. नवल म्हणजे तेव्हाही भांडं बरोबर रिकामं झालं. मग आणखी एक रेघ. तरीही रिकामं. कॅलिपरची छाती फुगली. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जुना दोस्त फिटर भेटायचा.

"काय रे कॅलिपर, आज डाळ किती मायक्रॉन?"

"हस तू. दोन महिने झाले, माझ्या घरात एक शीत वाया गेलेलं नाही. भांडं धुवायलासुद्धा पाणी कमी लागतं."

"वहिनींना सांग, तुझा फोटो लावतील स्वयंपाकघरात."

"हार नको, तो वाया जातो," कॅलिपर म्हणाला, आणि दोघंही हसले.

घरी जेवताना जे बोललं जायचं ते त्याला ऐकू येत होतं, पण तो ते मापात धरत नव्हता. बायको म्हणायची, "मला पुरे. आमच्या धुलाईघरात वाफेनेच पोट भरतं." लेक म्हणायची, "बाबा, शाळेत मैत्रिणीने खाऊ दिला होता." सासूबाई रोज एकच वाक्य म्हणायच्या, "बस आता, पोटात जागा नाही." त्याला स्वतःला रात्री पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं. तेव्हा तो मनाशी म्हणायचा, रिकाम्या माणसाला भूक जास्त लागते.

तीन महिने संपायला चार आठवडे राहिले होते. त्या दिवशी बायकोला धुलाईघरात जादा पाळी करावी लागली. शेजारणीच्या फोनवर तिचा निरोप आला, "मी इथल्या उपाहारगृहात खाऊन घेते, माझ्यासाठी थांबू नका." स्वयंपाक तर झालेला होता, चौघांच्या रेघेपर्यंतचा. तिघं जेवायला बसले. लेकीने भात घेतला, पुन्हा घेतला. सासूबाईंनीही आज हात आखडता घेतला नाही. कॅलिपर शेवटी वाढून घेत होता, आणि पळी तळाला खरवडली.

त्याने भांडं उचलून दिव्याखाली धरलं. स्वच्छ. रिकामं.

चौघांचं माप. जेवणारे तीन. आणि उरलेलं शून्य.

तो बराच वेळ त्या भांड्यात पाहत राहिला. भांड्याने कधीच काही सांगितलं नव्हतं. रेघ कुठेही ओढली असती तरी ते असंच रिकामं झालं असतं. तो भांडं मोजत होता. भूक तर त्याने मोजलीच नव्हती.

सकाळी बायको आणि लेक बाहेर पडल्यावर तो सासूबाईंसमोर बसला. त्याने मसूर निवडायला घेतला होता. त्यांनी न विचारता सुपातला अर्धा आपल्याकडे ओढला. हात वर झाला तशी त्यांच्या मनगटातली बांगडी घरंगळत कोपराजवळ गेली. सहा वर्षांपूर्वी हीच बांगडी साबण लावल्याशिवाय निघत नव्हती.

"आई, खरं सांगा. रोज पोट भरतं का?"

"भरतं की. म्हाताऱ्या माणसाला लागतं किती?"

"काल तुमची लेक जेवायला नव्हती. तिचा वाटा कुणी खाल्ला?"

सासूबाईंनी एक खडा उचलून बाजूला ठेवला. "मांजराने."

"आपल्याकडे मांजर नाही."

"म्हणूनच तर सापडलं नाही."

तो हसला नाही. मग त्याही गंभीर झाल्या.

"जावईबापू, तळ दिसायला लागला की माणूस हात आवरतो. मला वाटतं नातीला राहू दे, तिला वाटतं आईला राहू दे, आणि तुमच्या बायकोला वाटतं नवऱ्याला राहू दे. तुम्ही रिकामं भांडं बघून खूश. कोण सांगणार तुम्हाला? तुम्ही माझ्यापायी एवढा हट्ट धरलात. मी चार घास कमी खाल्ले तर माझं इथलं राहणं टिकतं, एवढंच मला कळत होतं."

एकतीस वर्षांत लेथवर कॅलिपरच्या हातून एकही जॉब असा बिघडला नव्हता.

"एक विचारते," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या त्या यंत्रावर लोखंड कापताना पहिल्या झटक्यात मापावर आणता?"

"छे. शेवटच्या कटासाठी थोडा माल ठेवावाच लागतो. जास्त राहिला तर काढता येतो. कमी झाला तर परत चिकटवता येत नाही."

"मग इथे का नाही ठेवलात?"

सुपातले मसूर सारखे करत तो म्हणाला, "पण पगार तेवढाच आहे, आई. जास्तीचं आणू कुठून?"

"ती टोपली इकडे आणा."

कचऱ्याची टोपली त्यांनी सुपाशेजारी उपडी केली. बटाट्याच्या सालींची वेटोळी निघाली, जाडजूड. फ्लॉवरचे दांडे, कोबीची बाहेरची पानं, पावाचे कडक झालेले कोपरे. त्यांनी एकेक वस्तू बोटाने बाजूला केली, एखादा डॉक्टर तपासतो तशी.

"बटाटा गोल करायचा असतो हे कुणी शिकवलं तुम्हाला? खेळायचंय का त्याच्याशी?"

"सवय," तो पुटपुटला.

"ह्या टोपलीत एका माणसाचं जेवण आहे. म्हणजे माझंच."

त्या दिवसापासून स्वयंपाकघरात खुर्ची आली आणि खुर्चीवर सासूबाई बसल्या. कॅलिपर पुन्हा एकदा फोरमनच्या हाताखाली उभा राहिला. बाजारात तो आता आवराआवरीच्या वेळी जाऊ लागला. वाकडी गाजरं, फुटके टोमॅटो, ज्यांना कुणी हात लावत नाही असे वेडेवाकडे बारके बटाटे अर्ध्या भावात मिळत. अख्ख्या तांदळाऐवजी तुकडा आला. बटाटे घासून सालीसकट शिजू लागले. फ्लॉवरचे दांडे बारीक चिरून रश्श्यात गेले, कडक पाव कुटून त्यालाच दाटपणा आला. डाळ सकाळीच भिजायची; एक उकळी आली की भांडं झाकण घट्ट लावून जुन्या घोंगडीत गुंडाळायचं, उरलेलं काम आतली ऊब करायची. गॅस वाचायचा त्याची आणखी डाळ यायची. पहिल्यांदा घोंगडी उघडली आणि डाळ बोटाने दाबल्याबरोबर मोडली, तेव्हा कॅलिपर लहान मुलासारखा ओरडला, "आई, यंत्र बंद आणि काम चालू!"

"ओरडू नका. झाकण ठेवा. ऊब जाते."

मापट्यात त्याने नवी रेघ ओढली, सगळ्या जुन्या रेघांच्या वर. जुन्या त्याने घासून काढल्या नाहीत. बिघडलेला जॉब डोळ्यांसमोर असावा, अशी त्याची रीत.

टपरीवर फिटरने विचारलं, "आज किती उरलं? शून्य?"

"पळीभर."

"म्हणजे माप चुकलं म्हण की!"

"आत्ता कुठे बरोबर आलंय," कॅलिपर म्हणाला, आणि चहा न घेता घरी निघाला. त्या चहाचे पैसे आता अंड्यांना लागत होते, आठवड्यातून एकदा, प्रत्येकी एक.

तीन महिने पुरे झाले त्या रविवारी मेहुणा आला. कळवून आला नाही. नेमका जेवणाच्या वेळेला आला. आईच्या समोर बसला, तिचा हात हातात घेतला, आणि बांगडी कोपराकडे घसरली. चार आठवड्यांत अंगावर मांस चढत नाही.

"हे काय, दाजी? मी काय म्हणालो होतो?"

बायको काहीतरी बोलायला पुढे झाली. कॅलिपरने तिला थांबवलं.

"तू बरोबर आहेस," तो म्हणाला. "माझं माप चुकलं होतं. दोन महिने ह्या घरात तीन माणसं उपाशी उठली आणि मला ते कळलं नाही. हे बघ." त्याने मापटं आणून मेहुण्याच्या हातात दिलं. "खालच्या रेघा माझ्या. वरची तुझ्या आईची. आता कुठल्या रेघेने शिजतं ते जेवून बघ, मग न्यायचं असेल तर ने."

मेहुणा मापटं हातात फिरवत राहिला. त्याने वरची रेघ नखाने चाचपली. लेकीने पाचवं ताट मांडलं.

घोंगडी उघडली. तुकड्याचा भात, दाट डाळ, दांड्यांचा रस्सा. मेहुण्याने रस्सा चाखला, पुन्हा घेतला, मग ताटाशी वाकून विचारलं, "ह्यात काय घातलंय?"

"तू फेकतोस ते," सासूबाई म्हणाल्या.

लेकीला ठसका लागला. बायको हसू लागली. धुलाईघरातून आल्यावर ती इतकी मोकळी हसली होती त्याला किती दिवस झाले होते, कॅलिपर आठवत राहिला. तिने तिसऱ्यांदा भात घेतला आणि वाफेचं नावही काढलं नाही.

"मग, आई," मेहुणा हळूच म्हणाला, "येतेस का? खोली मोकळीच आहे."

"येऊ कशी? मी इथे कामावर आहे. ह्या माणसाला अजून कोबी धड चिरता येत नाही."

"रजा तरी घे."

"रजा मिळत नाही इथे. फोरमन मीच आहे."

कॅलिपर पळी घेऊन उठला. भांड्यात एका माणसापुरती डाळ अजून होती. पाचवं ताट न सांगता वाढलं गेलं होतं तरी होती. तो सासूबाईंच्या ताटाशी वाकला.

"घ्या, आई. थोडी."

त्यांनी ताटावर आडवा हात धरला. "बस आता, पोटात जागा नाही."

हे वाक्य त्याने पहिले दोन महिने रोज ऐकलं होतं, तळ दिसणाऱ्या भांड्यासमोर. त्याने भांड्यात पाहिलं, मग त्यांच्याकडे. आज भांड्यात डाळ शिल्लक असताना म्हणाल्या होत्या त्या. त्याने पळी आत ठेवली आणि झाकण लावलं.